एका औषधाची चार नावं: वैद्यकीय संशोधनात टेक्स्ट मायनिंग कसं चालतं

समजा, बडोद्यातल्या मेडिकल कॉलेजात एमडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाला विषय घेतला: क्षयाची औषधं सगळ्यांना तीच दिली जातात, मग यकृताला इजा काही रुग्णांनाच का होते, आणि त्यात जनुकांचा हात किती? गाइड सांगतात, "आजवर काय छापून आलंय ते आधी बघून घे." ती पबमेडवर 'आयसोनियाझिड' हे क्षयाच्या औषधाचं नाव टाकते आणि निबंधांचा ढीगच समोर येतो. रोज पाच वाचले तरी एमडीची तीन वर्षं संपतील, पण यादी काही संपणार नाही.

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची मोफत सूची. आज तिच्यात ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि दरवर्षी दहा लाखांहून जास्त नव्या पडतात. नोंदीत शीर्षक आणि बहुतेकदा सारांश असतो, बस. पूर्ण मजकूर हवा तर पबमेड सेंट्रल ही वेगळी जागा, आणि तिथलेही सगळेच निबंध प्रोग्रॅम लावून उपसायला मोकळे नसतात. जे मोकळे आहेत त्यांचा 'ओपन अ‍ॅक्सेस' असा वेगळा गट आहे. हा फरक कारकुनी वाटतो, पण डोस, वगळलेले रुग्ण, दुष्परिणामांचा तक्ता हे सगळं आतल्या मजकुरात असतं. नुसते सारांश चाळून "दुष्परिणाम फारसे नोंदलेले नाहीत" असं लिहिलं, तर ते विधान औषधाबद्दल नसतं, सारांशाच्या अडीचशे शब्दांच्या मर्यादेबद्दल असतं.

टेक्स्ट मायनिंग म्हणजे हा ढीग प्रोग्रॅमकडून चाळून घेणं. कुठल्या वाक्यात कुठलं औषध, कुठलं जनुक, कुठला आजार आलाय आणि त्यांच्यात काय नातं सांगितलंय, ते तक्त्यात उतरवायचं. यंत्राला निबंध पटतो की नाही, प्रयोग नीट केलाय की नाही, हे त्याच्या गावी नसतं. ते खुणा करतं.

नुसत्या खुणांतून नवं काही हाती लागतं का? लागतं. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन डॉक्टर नव्हते, माहितीशास्त्राचे माणूस. १९८६ मध्ये त्यांनी निबंधांचे दोन गठ्ठे शेजारी ठेवले. एकात होतं की माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि बिंबिकांचं (प्लेटलेट्सचं) गोळा होणं कमी होतं. दुसऱ्यात होतं की रेनॉड या आजारात, म्हणजे थंडीत बोटं पांढरीनिळी पडतात त्यात, याच गोष्टी वाढलेल्या असतात. दोन्ही गठ्ठ्यांतले लेखक एकमेकांचं जवळपास वाचतच नव्हते. स्वॉन्सन म्हणाले, मग माशाचं तेल रेनॉडला देऊन बघा. १९८९ मध्ये रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत त्याला पुष्टीही मिळाली. त्याआधी, १९८८ मध्ये, त्यांनी मॅग्नेशियम आणि मायग्रेन यांच्यातले अकरा दुवे असेच मांडले होते. एक जोडी दुसरीला जोडणारा मधला धागा शोधायचा, ही कल्पना आजही वापरात आहे. एक मात्र ध्यानात ठेवावं: त्यांनी सुचवलं, सिद्ध केलं नाही. सिद्ध करायला रुग्णांवरची चाचणीच लागली.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी गोळा करण्याची, आणि बरेच प्रकल्प इथेच मुळातून वाकडे होतात. पबमेडच्या नोंदींना विषयाचे ठरावीक शब्द लावलेले असतात, त्यांना 'मेश' म्हणतात. फक्त मेशवर विसंबलात तर ज्या ताज्या नोंदींना ते अजून लागलेले नाहीत त्या सुटतात. फक्त शीर्षक-सारांशातले शब्द शोधलेत तर ज्यांनी वेगळा शब्द वापरला ते सुटतात. म्हणून दोन्ही 'ऑर'ने जोडायचे. शिवाय स्पेलिंग दोन. अमेरिकन लेखक ॲनिमिया नुसत्या 'ई'ने लिहितो, आपली नियतकालिकं ब्रिटिश वळणाने 'एई' लिहितात. एकच स्पेलिंग घातलं की सुटतात ते बहुतेक भारतातले निबंध, म्हणजे ज्यांची आपल्याला सगळ्यात जास्त गरज तेच.

नोंदी हाताने उतरवून घेत बसू नये. त्यासाठी 'ई-युटिलिटीज' नावाची मोफत सोय आहे. 'एपीआय की' हा ओळखीचा सांकेतिक शब्द न घेता सेकंदाला ३ विनंत्या चालतात, तो मोफत घेतला तर १०. त्याहून घाई केली की विनंत्या नाकारल्या जातात, आणि प्रोग्रॅममध्ये ती तपासणी नसेल तर मधल्या शेपाचशे नोंदी गुपचूप गळतात. एका शोधातून पबमेड पहिल्या १०,००० नोंदींचेच क्रमांक देतं. यादी मोठी असेल तर वर्षावर्षाने तुकडे करा. शेवटी, शोधाने सांगितलेला आकडा आणि तुमच्या फाइलमधला आकडा जुळतो का ते बघा. दोन मिनिटांचं काम, पण फार जण करत नाहीत. मोठी कामं अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्याच्या रात्री नऊ ते पहाटे पाचमध्ये टाकावीत अशी ग्रंथालयाची विनंती असते. आपल्याकडे ती वेळ उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच आणि हिवाळ्यात तासभर पुढे. म्हणजे बडोद्यातल्या माणसाला जागरण करावं लागत नाही.

दुसरी पायरी नावं ओळखण्याची. खरी मेख इथे आहे.

आयसोनियाझिड कुणी पूर्ण लिहितो. कुणी 'आयएनएच'. जुन्या निबंधांत 'आयसोनिकोटिनिक अ‍ॅसिड हायड्राझाइड' असं रासायनिक नाव. आणि उपचारपद्धती सांगताना 'एचआरझेडई' या चार अक्षरांतला नुसता 'एच'. सोबतचं दुसरं औषध आपल्याकडे रिफॅम्पिसिन, अमेरिकेत रिफॅम्पिन. यकृताच्या इजेचीही तीच गत: हेपॅटोटॉक्सिसिटी, लिव्हर इंज्युरी, 'डिली', किंवा आजाराचं नाव न घेता नुसतं "एएलटी तिपटीने वाढलं" (एएलटी म्हणजे इजा झालेल्या यकृतातून रक्तात उतरणारं एन्झाइम).

उलटीही अडचण आहे, एकाच नावाच्या अनेक गोष्टी. 'पीएएस' हे क्षयाचं जुनं औषध, पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड. पण यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघताना जो रंग देतात, पिरिऑडिक अ‍ॅसिड शिफ, तोही 'पीएएस'च. क्षय आणि यकृत यांवरच्या संग्रहात हे दोन्ही भेटणारच. 'नॅट-२' हे आयसोनियाझिड पचवणाऱ्या एन्झाइमचं जनुक. ज्यांच्यात ते मंद चालतं त्यांना 'स्लो अ‍ॅसिटिलेटर' म्हणतात आणि यकृताच्या इजेचा धोका त्यांना जास्त असतो. पण पुढचा २ गळला की उरतं नुसतं 'नॅट', आणि रक्तपेढीत नॅट म्हणजे न्यूक्लिक अ‍ॅसिड टेस्ट. कावीळ 'बी'वरच्या निबंधांत ती पानोपानी असते. प्रोग्रॅमला हे सांगितलं नाही तर तक्त्यात जनुकाचा भलताच दबदबा दिसायला लागतो.

बडोद्याच्या वाचकाला हे समजावायला एक ओळखीचं उदाहरण आहे. १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराचा कोश छापला. एकाच संकल्पनेपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी असे आठ भाषांतले शब्द. कारभार्‍याने कुठलाही शब्द लिहिला तरी ओळ तीच. वैद्यकात हेच काम 'यूएमएलएस' हा महाकोश करतो: प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली तिची झाडून सगळी नावं. तो वापरायला पैसे पडत नाहीत, परवाना मात्र अर्ज करून घ्यावा लागतो. नाव ओळखून त्याला असा क्रमांक लावणं म्हणजे 'नॉर्मलायझेशन'. ते न करता केलेली मोजणी म्हणजे एकाच माणसाला चार शिधापत्रिका देणं.

संक्षेपांसाठी २००३ पासून वापरात असलेला एक साधा नियम आहे. लेखक संक्षेप पहिल्यांदा वापरतो तेव्हा पूर्ण नाव लिहून पुढे तो कंसात टाकतो. कंसातली अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे घेत मागच्या शब्दांशी जुळवत गेलं की पूर्ण रूप सापडतं. त्या निबंधापुरता तोच अर्थ धरायचा. जिथे पूर्ण रूप दिलेलंच नाही तिथे आजूबाजूचे शब्द बघून ठरवणारं मॉडेल लागतं. २०१९ मध्ये आलेलं बायोबर्ट याच कामाचं, पबमेडच्या मजकुरावर घोटवलेलं. त्याला एका वेळी शब्दांचे ५१२ तुकडेच वाचता येतात आणि लांबलचक रासायनिक नावाचे सातआठ तुकडे सहज होतात. सारांश बहुधा त्यात मावतो, अख्खा निबंध नाही. परिच्छेद पाडून द्यावे लागतात.

नवख्याने मात्र स्वतःचं यंत्र बांधण्याआधी 'पबटेटर' बघावं. तिथे पबमेडच्या सारांशांवर जनुक, औषध, आजार यांच्या खुणा करून क्रमांक लावून ठेवलेलेच आहेत. महिनाभराचं काम वाचतं. चुका त्यातही आहेत, पण त्या शोधणं हे शून्यापासून सुरू करण्यापेक्षा सोपं.

तिसरी पायरी नात्याची. हे वाक्य बघा, नमुन्यादाखल रचलेलं:

"मंद गटातील रुग्णांत आयसोनियाझिडनंतर एएलटी वाढले, जलद गटात मात्र तशी वाढ दिसली नाही, जरी पूर्वीच्या अभ्यासांत ती नोंदवली गेली होती."

सगळ्यात ढोबळ पद्धत म्हणजे औषध आणि आजार एका वाक्यात आले की नातं धरायचं. तिच्या हिशेबाने इथे एक नातं आहे. प्रत्यक्षात विधानं तीन आहेत: मंद गटात होकार, जलद गटात नकार, आणि तिसरं दुसऱ्या कुणाचं तरी, या लेखकाने नुसतं उद्धृत केलेलं. नकार पकडायला 'नेगेक्स' नावाची २००१ ची नियमावली अजून कामाला येते. नकाराचा शब्द दिसला की त्याच्या आसपासचे काही शब्द नकाराखाली धरायचे, आणि 'मात्र', 'पण' असा शब्द आला की तिथे थांबायचं. थांबण्याची ही जागा विसरली तर वरच्या वाक्यातलं मंद गटाचं होकारार्थी विधानही नकारात जातं.

तिसऱ्या प्रकाराचं विधान जास्त फसवं. प्रस्तावनेत जो तो "पूर्वी असं आढळलं आहे" लिहितो. एकाच जुन्या निबंधाचा दाखला चाळीस जणांनी दिला तर यंत्राला चाळीस पुरावे दिसतात. उपाय सोपा आहे: पूर्ण मजकुरात प्रस्तावना आणि चर्चा सोडून फक्त 'रिझल्ट्स' म्हणजे निकालांच्या भागातली वाक्यं मोजायची.

मग तपासणी. यंत्राने काढलेल्या तक्त्यावर विश्वास किती ठेवायचा, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी संग्रहातून कुठलेही २०० सारांश चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचला आणि दोन जाणकारांनी एकमेकांना न विचारता त्यांवर हाताने खुणा करा. आधी पन्नासच करा, भांडणं कुठे होतात ते बघा ("एएलटी दुप्पट म्हणजे इजा धरायची का?"), नियम लिहून काढा, मगच उरलेले दीडशे. दोघांचं किती जुळलं ते टक्क्यांत सांगू नका. समजा दोघेही दहापैकी नऊ वाक्यांना 'नाही' म्हणतात. तर डोळे मिटूनही त्यांचं ८२ टक्के जुळेल. प्रत्यक्षात ९० टक्के जुळलं असेल, तर योगायोग वजा करून उरणारा 'कप्पा' हा आकडा येतो ०.४४, म्हणजे बेताचाच. नियम अजून सैल आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता यंत्राची परीक्षा. हाताच्या खुणांत खरी नाती १०० निघाली. यंत्राने ८० दाखवली, त्यातली ६० बरोबर. दाखवलेल्यांतली बरोबर किती, हा नेमकेपणा: ८० पैकी ६०, म्हणजे ७५ टक्के. असलेल्यांतली सापडली किती, ही व्याप्ती: १०० पैकी ६०, म्हणजे ६० टक्के. दोन्ही मिळून एफ-१ येतो सुमारे ०.६७. नुसत्या 'अ‍ॅक्युरसी'चा आकडा कुणी पुढे केला तर सावध व्हा. शंभरात पाचच वाक्यं कामाची असतील तर सगळ्यांना 'नाही' म्हणणारं यंत्रही ९५ टक्के बरोबर ठरतं. दोन्हींपैकी जास्त महत्त्वाचं काय, ते कामावर ठरतं. दुष्परिणाम शोधताना एकही सुटू नये, म्हणून व्याप्ती. चारच जनुकं निवडून प्रयोगशाळेत महागडी तपासणी करायची असेल तर नेमकेपणा.

यंत्र चांगलं असूनही तक्ता बिघडतो तो फाइलींमुळे. पीडीएफ शक्यतो टाळा, एक्सएमएल (मजकुराच्या भागांना खुणा लावलेली फाइल) मिळत असेल तर तेच घ्या. दोन रकाने असलेल्या पानावर प्रोग्रॅम सरळ आडवा वाचत गेला की डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला चिकटते. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' असं तंत्र जगात नाही. १९५९ च्या एका निबंधाच्या पानावर हे शब्द शेजारशेजारच्या रकान्यांत होते. स्कॅन होताना ते जोडले गेले, आणि पुढे खऱ्या शोधनिबंधांत हे 'तंत्र' छापूनही आलं. याहून घातक चूक डोसाची. जुन्या फाइलींत मायक्रोचं ग्रीक चिन्ह 'सिंबल' नावाच्या फाँटमधलं असतं. फाँट गळला की तिथे साधं 'एम' उरतं. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं, हजारपट. म्हणून डोसाचा रकाना लहानमोठ्या क्रमाने लावून दोन्ही टोकांचे वीस-वीस आकडे मूळ निबंधाशी ताडून बघावेत.

आणि तक्ता एक्सेलमध्ये नुसता डबल क्लिक करून उघडू नये. 'सेप्ट-२', 'मार्च-१' ही जनुकांची नावं एक्सेलला तारखा वाटतात आणि विचारल्याशिवाय तो त्या बदलून टाकतो. २०१६ मध्ये झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात असल्या चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि नावं बदलून 'सेप्टिन-२', 'मार्चएफ-१' अशी केली. सॉफ्टवेअर हटेना, म्हणून जनुकांचं बारसं पुन्हा झालं! जुन्या निबंधांत अर्थातच जुनीच नावं आहेत. फाइल 'इम्पोर्ट'ने उघडा आणि नावांचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

छापील निबंधांऐवजी रुग्णालयातले केसपेपर उपसायचे असतील तर गणित पुन्हा वेगळं. आपल्या डॉक्टरांची लघुलिपी परदेशी मॉडेलांनी फारशी पाहिलेली नसते. 'के/सी/ओ' म्हणजे नोन केस ऑफ, आजार आधीपासून आहे. 'एस/ओ' म्हणजे सजेस्टिव्ह ऑफ, नुसती शंका. 'आर/ओ' म्हणजे रूल आउट, तपासून बाद करायचंय. "ओल्ड कॉक्स" म्हणजे पूर्वी झालेला क्षय. कॉक हे क्षयाचा जंतू शोधणाऱ्याचं नाव, हे मॉडेलला कुणी सांगितलेलं नसतं. तिरकी रेघ हे विरामचिन्ह समजून तोडलं की 'के/सी/ओ'ची तीन सुटी अक्षरं होतात आणि त्याबरोबर आजार नवा की जुना हा अर्थही जातो. म्हणून शब्द तोडण्याआधीच अशा चाळीस-पन्नास संक्षेपांची यादी करून ते पूर्ण रूपात बदलून घ्यावेत.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी पहिली, आणि रुग्णाची ओळख पुसणं त्याच्या लगोलग. अमेरिकन नावांवर घडवलेली ओळख पुसण्याची साधनं इथे चुकतात. बडोद्यात रुग्ण रमेशभाई, सविताबेन असतो, तसाच माधवराव आणि सुमनताईही. ही शेपटं ओळखण्याचा नियम लिहिला तर मोठं काम होतं, फक्त नियम शब्दाच्या शेवटालाच लावायचा. नाही तर 'बेन' सापडलं म्हणून ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध पुसलं जातं. 'राव'चं तर इंग्रजी स्पेलिंग 'इंट्राऑपरेटिव्ह'च्या पोटात दडलेलं असतं. शस्त्रक्रियेच्या अर्ध्या नोंदी काळ्या पट्टीखाली जातील. गावांची नावंही पुसा. बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातल्या छोट्या गावातला, एखादा दुर्मीळ आजार असलेला माणूस नाव न घेताही ओळखू येतो.

चॅट करणाऱ्या मोठ्या भाषा-मॉडेलांनी हे सगळं एका झटक्यात होणार नाही का? बरंचसं होतं, आणि तिरपागडी वाक्यं ती नियमांपेक्षा छान सोडवतात. पण कधी कधी ती मजकुरात नसलेली गोष्टही त्याच आत्मविश्वासाने तक्त्यात भरतात. यावर एक खात्रीचा अडसर आहे. प्रत्येक नात्याबरोबर मूळ वाक्य जसंच्या तसं मागायचं आणि ते मूळ मजकुरात अक्षरशः सापडतं का, हे साध्या प्रोग्रॅमने तपासायचं. सापडलं नाही तर ओळ बाद. निबंधाचे क्रमांक मॉडेलला विचारायचेच नाहीत, ते आपल्या फाइलमधून आपण लावायचे. मॉडेलची आवृत्ती आणि दिलेली सूचना शब्दशः जपून ठेवा. पुढच्या महिन्यात आवृत्ती बदलली की तोच प्रश्न वेगळं उत्तर देतो आणि परीक्षक विचारतात तेव्हा आपल्या हाती काही नसतं.

प्रबंध बांधायला टाकण्याच्या आदल्या दिवशी एक फेरी आणखी करायची असते. आपल्या यादीतले सगळे क्रमांक पुन्हा पबमेडला विचारा. मागे घेतलेल्या निबंधांवर तिथे 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का असतो, आणि आपण वर्षापूर्वी उतरवलेल्या प्रतीवर तो अर्थातच नसतो. असे निबंध काढून तक्ता पुन्हा मोजा, आणि शोधाचे शब्द, शोध केल्याची तारीख, आधीचा आणि नंतरचा आकडा परिशिष्टात लिहा.